व्यंकोजी शिंप्यांची अक्कलदाढ

आमच्या गल्लीतल्या व्यंकोजी शिंप्यांची अक्कलदाढ चाळिशीनंतर दुखायला लागली. १९३४ साल असेल. गाल सुजून तोंड उघडेना, तेव्हा बायको गोदाबाई त्यांना शंकरनारायण डॉक्टरांकडे घेऊन गेली. दाढ हिरडीत आडवी पडली होती. डॉक्टरांनी जबडा बधिर केला, हिरडी चिरली, दाढ दोन तुकडे करून काढली आणि रेशमाचे दोन टाके घातले.

घरी आल्यावर व्यंकोजींनी आरसा मागितला. "टाके सैल आहेत," ते पुटपुटले. "मधे फट राहिलीय."

"असूं दे. खळग्यात रक्ताची गुठळी धरलीय, ती हलूं द्यायची नाही म्हणालेत," गोदाबाई म्हणाली. "काही चोखायचं नाही. दोराही नाही."

हेच अवघड होतं. तीस वर्षं ते दोऱ्याचं टोक ओठांत धरून, चोखून बारीक करून सुईत घालत आले होते. मग गोदाबाई शेजारी बसून सुया ओवून देऊ लागली. एरवी तिनं दुकानातल्या कापडाला हात लावला, की "राहूं दे" म्हणून ते काढून घेत.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी असताना सुईतला दोरा निसटला. व्यंकोजींनी सवयीनं तो ओठांत घेऊन चोखला. तोंडात खारट चव आली, दोऱ्यावर काळपट काहीतरी आलं. ते त्यांनी चिंधीला पुसलं. बायकोला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कळ थेट कानात गेली. गोदाबाई त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं. "गुठळी गेलीय, हाड उघडं पडलंय. काय केलंत?"

व्यंकोजी खाली मान घालून म्हणाले, "दोरा चोखला." "सांगितलं होतं ना," गोदाबाई म्हणाली.

"मग आणखी दोन टाके घालून बंदच करा," ते म्हणाले.

"वरून बंद केलं तर आत सडेल. तळापासून भरत यायला हवं. त्याला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लवंगेच्या तेलात भिजवलेली पट्टी खळग्यात बसवली.

दर दोन दिवसांनी पट्टी बदलावी लागे. सहा वेळा तरी ते गेले. बोलणं नको वाटे, म्हणून ते गप्प बसून गोदाबाईचे हात पाहत. सुया ओवून झाल्या की ती कडा दुमडून शिवी. मग न विचारता तिनं काजंही केली. त्यांनी एक काज बोटावर ताणून पाहिलं आणि कापड परत तिच्या मांडीवर ठेवलं.

"उसवूं काय?" तिनं विचारलं.

"नको. चांगलं झालंय."

महिन्याभरात हिरडी भरली. जवळच्या दारासुरम गावातल्या विणकरांच्या बायका परक्या पुरुषाला माप द्यायला नको म्हणून तोवर जुनी चोळी मापाला पाठवत, आता त्या स्वतः येऊन गोदाबाईला माप देऊ लागल्या. त्या आल्या की व्यंकोजी उठून बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, जाऊन बसत आणि आत काय चाललंय ते ऐकत राहत.