बैलाची शिंगं

शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडं, सांभाळून घ्यावं.

आमचे फोटोवाले भाऊ कोणालाच मधोमध उभं राहू देत नाहीत. एक डोळा मिटून म्हणतात, "बाजूले व्हा. बैल जिकडं पाहून राहिला, तिकडं जागा सोडा."

आमचा बैल म्हातारा झालेला, म्हणून पोळ्याला आमच्या यांनी त्याच्यासोबत भाऊंकडून फोटो काढून घेतला. फोटोत त्याची शिंगं यांच्याच डोक्यातून निघालेली दिसली. आम्ही पोटभर हसलो आणि फोटो भिंतीला लावला.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आले. "डोक्यामागं पाहाचं राहून गेलं. लोक माह्यावर हासतीन. पैसे वापस घ्या, फोटो द्या."

हे म्हणाले, "नाही देत. यात बैल अन् मी एकच दिसून राहिलो."

भाऊंना फोटो मिळाला नाही. तरी ओसरीवर सगळे पैसे ठेवूनच ते गेले.