लाडू खाणारी बाई

बसा, चहा घ्या, आणि माझं हसं करायचं असेल तर मोकळेपणानं करा. अर्धं मी स्वतःच करून ठेवलंय, उरलेलं तुम्ही करा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फजित्या रेखाटणारी बाई मी. माझी फजिती झाली तर तक्रार कुणाकडे नेणार?

तर मी व्यंगचित्रं काढते. दर रविवारी, इथल्या गोव्यातल्याच एका मराठी पेपरात. माहेर कारापूर, सासर पार्से. पहिल्यांदा चित्रं घेऊन गेले तेव्हा संपादक म्हणाले होते, "बाई, तुम्ही रांगोळीच्या डिझाइनी द्या ना. विनोद बायकांना झेपत नाही." झालं! त्या दिवशी मी ठरवून टाकलं, बाईच्या हातात ब्रश आला की समाज कसा सरळ होतो ते ह्यांना दाखवायचंच. तेव्हापासून मी समाजाच्या मागे लागलेय.

विनोद म्हणे झेपत नाही! त्यांनी आमच्या शेवंताकाकीला ऐकलं नव्हतं. काकी आमची शेजारीण. वय सत्तरीचं, पुढचे दोन दात पडलेले, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा तिनं अजून उतरवलेला नाही. का, तर "ह्या चष्म्यातसून कोणाचा तोंड वाकडा जाता ता दिसत नाय, बरां पडता!" एकदा गणेशचवथीच्या फुगडीत तिनं आयत्या वेळी गावच्या सुक्या नळावर कडवं रचून म्हटलं. पंच बाजूलाच उभे होते. बायका हसून हसून खाली बसल्या आणि चार दिवसांत नळाला पाणी आलं. कुणालाही न दुखवता कोपरखळी कशी मारायची, हे मी तिच्याकडूनच शिकले. म्हणजे मला वाटत होतं, की शिकले.

पण काकी विधवा. संक्रांतीला महिला मंडळाचं हळदीकुंकू असलं की सवाशिणी बाहेर सभागृहात आणि काकी आत चुलीपाशी. तिळाचे लाडू तिच्या हातचे. आम्ही माळायच्या अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे हो, तिच्या परसातल्या फुलांच्या, तिनंच ओवलेल्या. तिच्या केसांत मात्र एक फूल नाही. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं मी हे बघत होते. बघत होते म्हणजे, लाडू खात खात बघत होते.

यंदा मात्र माझ्यातली समाजसुधारक जागी झाली! संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी चित्र दिलं. सभागृहात नटलेल्या बायका. मागे स्वयंपाकघराच्या दारात एक म्हातारी लाडू वळतेय: दोन दात पडलेले, काळा चष्मा. आणि सगळ्यांत पुढे एक जाडजूड बाई, दोन्ही हातांत लाडू, गाल टम्म फुगलेले, पाठ त्या म्हातारीकडे. ती भरल्या तोंडानं सांगतेय, "आमच्या गावात भेदभाव मुळीच नाही!"

त्या बाईच्या गालांसाठी मी किती मेहनत घेतली म्हणून सांगू! आरशासमोर उभी राहून तोंडात अख्खा लाडू कोंबला आणि बघून बघून काढले. आम्हा चित्रं काढणाऱ्यांची ही जुनी युक्ती, दुसरा कोण तोंड वाकडं करून समोर उभा राहणार? नवऱ्यानं मागून डोकावून विचारलं, "ही बाई कोण?"

"कुणीच नाही. एक प्रवृत्ती आहे ती."

"हां," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसत पाव आणायला गेला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. नवऱ्याला कलेतलं काय कळतं?

रविवारी चित्र छापून आलं आणि गावात हशाच पिकला. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाइलवर. दुकानात बायका मला बघून पदर तोंडाला लावत होत्या. बसमध्ये एकीनं दुसरीला कोपरानं डिवचलं. मी मनात म्हटलं, बघा! आग लागली! परिवर्तन असंच सुरू होतं!

वर संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्ष प्रमिलावयनींचा फोन. "यंदा हळदीकुंकवाक तूच आमची पाहुणी. बायलो, व्यंगचित्रां, समाज, अशां कायतरी बोल."

तुम्हाला म्हणून सांगते, त्या रात्री मी नवीन साडीला इस्त्री केली.

एकाच गोष्टीची चुटपुट लागली होती. एरवी पेपर वाचून कुंपणावरून चार शब्द ऐकवणारी काकी ह्या वेळी गप्प होती. मी म्हटलं, भारावली असेल बिचारी. जाऊन विचारायचं मात्र काही माझ्या मनात आलं नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. तिथली कदेल, आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात, बाकीच्या प्लास्टिकच्या कदेलींपेक्षा वेगळी होती, लाकडी, हातांची. तिच्यावर एक अबोलीची फाती ठेवलेली होती, इतरांच्या दुप्पट लांब. ती प्रमिलावयनींनी माझ्या केसांत माळली. मी माइक हातात घेतला आणि चाळीस मिनिटं सोडला नाही. "व्यंगचित्र हा समाजाचा आरसा आहे," मी म्हटलं. बायका खो-खो हसल्या. अहो, हे तर गंभीर वाक्य होतं! पुढे म्हटलं, "तो आरसा आधी आपण पाहायला हवा." एकीला तर ठसका लागला. मला वाटलं, काय जागृत श्रोते आहेत!

मग लाडू आले. एक तोंडात टाकला आणि दाढ दुखली. दगड नुसता! "हे काकीच्या हातचे नाहीत," मी म्हटलं.

"म्हापशाच्या बाजारातले," प्रमिलावयनी म्हणाल्या.

"आणि काकी कुठेय? आत?"

"आत नाय. ती येवकच नाय."

"का?"

प्रमिलावयनींनी लाडवांचं ताट बाजूला ठेवलं. "अगो, यंदा आम्ही ठरयलेला, काकीक भायर बसवचा. पयल्या वळीत, मधी. तुझ्या खालची कदेल माझ्या घरची, तिच्यासाठीच हाडलेली. तीन महिने तिका समजावतंव, तेव्हा ती हो म्हणाली. नवी साडीसुद्धा घेतली तिणां. आणि तुझा चित्र येयलां."

"पण मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुका सांगल्यार तू पेपरात घालशी, म्हणून!"

घ्या. जे होईल ह्या भीतीनं त्यांनी मला सांगितलं नाही, तेच मी न सांगताच केलं होतं. आणि केसांतल्या फातीला हात लावत मी विचारलं, "ही सगळ्यांपेक्षा लांब का?"

"ती तिणां सोताक म्हणून ओवलेली. आज सकाळी बाकीच्या फातींवांगडा धाडून दिली. म्हणाली, कोणाकय माळा."

अकरा वर्षं बाई स्वयंपाकघरात तरी होती. माझ्या एका चित्रानं तिला तिथूनही घालवलं. ह्याला म्हणतात समाजपरिवर्तन! मी त्या कदेलीवरून उठले.

तशीच काकीकडे गेले. ती बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, अबोलीची उरलेली फुलं निवडत बसली होती. अंगावर नवी हिरवी साडी होती. नेसली होती, पण आली नव्हती.

"काकी, चुकलं माझं."

"चित्र बरां काढलंस," ती म्हणाली. "दात सुद्धा बरोबर."

"मी तुझ्यासाठीच काढलं गो."

"माझ्यासाठी काढलंस, तर माका एकदा इचारूक जाय होतां. आता गेलंय असतंय, तर लोक म्हणतले, पेपरात येयलां म्हणून हिका बसयली. माका पेपरान नाय बसवूक जाय होती गो. माका बायलांनी बोलवन बसवूक जाय होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अख्खा गाव तुला हसला, माझ्यामुळे."

काकीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माका? माका कित्याक हसतले? गाव तुका हसता! ती लाडू खाणारी, ती तूच मगो? वयनी म्हणाली, धीराची आसा, सोताचांच चित्र काढलां!"

मी घरी जाऊन मूळ चित्र बाहेर काढलं आणि आरशासमोर माझ्या गालाशेजारी धरलं. तेच गाल. तोच हनुवटीवरचा तीळ. तोही मी इमानदारीनं काढला होता! तरीच नवरा हसत पावाला गेला होता. मूर्ख बाई, प्रवृत्ती म्हणे!

चित्र तसंच काकीकडे नेलं. "फाडून टाक," मी म्हटलं.

"फाडतलंय कित्याक?" तिनं फातीचा दोरा कापायची कातर घेतली आणि दारातली म्हातारी तेवढी नीट कापून काढली. घडी करून कमरेला खोचली. "ही माझी. माका न इचारता न्हेलेली, ती परत घेतंय."

"आणि पुढच्या संक्रांतीला? येशील ना?"

"बघया," काकी म्हणाली. ह्या ‘बघया’चं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

उरलेलं चित्र तिनं बलकांवातल्या भिंतीवर चिकटवलंय. दाराच्या जागी भोक, आणि पुढे दोन्ही हातांत लाडू घेतलेली बाई. येणारा-जाणारा विचारतो, ही कोण? काकी सांगते, "आमची शेजारीण. समाज सुधारता." कुणाचा विश्वास बसला नाही, तर ती कोपऱ्यात बोट दाखवते. तिथं सही आहे, ठळक, वळणदार, माझीच.