फाल्गुनातला दसरा

काचीगुड्याच्या घरात भिंतीवर एक काळापांढरा फोटो आहे. परवा नातीनेही विचारलंच, "आजोबा, नुसती फांदी का लावलीय?"

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचा पहिला फाल्गुन होता. बऱ्याच महिन्यांनी मी शहराबाहेर एकटाच हिंडत होतो. गळ्यात मामांचा बॉक्स कॅमेरा, रोलमध्ये शेवटचा एकच फोटो. समोर पळसाच्या फांदीवर पालपिट्टा येऊन बसला. इकडे नीलकंठाला तेच म्हणतात. दसऱ्याला त्याच्या दर्शनासाठी सगळे माळावर जायचे. त्या वर्षीच्या दसऱ्याला मात्र भीतीने कुणी घराबाहेर पडलं नव्हतं.

मी कॅमेरा पोटाशी धरला. तेवढ्यात त्याने पंख ताणले. इतका वेळ मातकट दिसणाऱ्या पाखराच्या अंगात एवढा निळा रंग होता! माझं बोट बटणावरून सुटलं आणि दोन्ही हात आपोआप जोडले गेले. बटण दाबलं तेव्हा फांदी नुसतीच हलत होती.

मागे वळलो. बैलगाडी थांबवून एक दाढीवाले चाचा उभे होते. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी बैलांच्या गळ्यातली घुंगरं दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

"दिख गया ना, बेटा?"

"दिख गया, चाचा."

"तो फिर दसरा मुबारक," म्हणत त्यांनी हळूच मुठी सोडल्या.

तेव्हा फोटो हुकला म्हणून घरी येईपर्यंत चडफडत होतो. आता त्या रिकाम्या फांदीकडे पाहिलं, की आधी घुंगरं वाजतात.