वजन करायला एकटीच या

तपासणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे ‘वजनवाल्या बाई’ म्हणायचे. तोंडानं फटकळ. गरोदर बाईला वजनाच्या खोलीत घेतलं की त्या आतून कडी लावायच्या. नवरा असो, सासू असो, दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. “आत दोघं असले की काटा चुकीचं दाखवतो,” असं ठणकावून सांगायच्या.

धादांत थाप होती ती. पण त्याशिवाय बाई एकटी सापडणार कशी? बाहेर नवरे मांडीला मांडी लावून बसलेले. बायकोला मळमळतं का, हेसुद्धा तेच सांगणार! आणि वरच्या साहेबांनी छापून पाठवलेला फॉर्म त्यांच्यादेखत भरायचा: घरी मारहाण होते का? महिन्यात साठ फॉर्म भरले, साठही फॉर्मांवर ‘नाही’. साहेब खूश, आणि बाईंचं डोकं फिरलेलं.

स्वतःवरचा राग तर त्याहून मोठा. तीन वर्षांपूर्वी एका कोवळ्या पोरीनं दंडावरचा काळानिळा डाग दाखवून नवऱ्याचं नाव घेतलं होतं. बाईंनी नियमाप्रमाणे ते तिच्या तपासणीच्या कार्डावर लिहिलं. कार्ड घरी जातं, नवराही ते वाचतो, हे घाईत डोक्यातच आलं नाही. पोरगी पुन्हा आलीच नाही. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. कार्डावर नुसतं वजन.

परवा तीच आली. सातवा महिना, बरोबर तोच नवरा. काट्यावर उभी राहिली, पण नजर बाईंच्या खिशातल्या पेनावर.

“घरी सगळं ठीक ना गं?”

“लिहिणार आहात?”

बाईंनी पेन काढून खिडकीत ठेवलं. “नाही. तेव्हा चुकलं माझं. तुला भोगावं लागलं ना?”

“दात पडला,” ती म्हणाली. “पण तेव्हा पोटावर मारत नव्हता. आता मारतो.”

पोलीस, तक्रार, सोड त्याला, सगळं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. “यात तुझी काही चूक नाही. आधी डॉक्टरांना बाळ बघू दे. मग तुला काय हवंय ते तू सांग. अशा बायकांना आसरा देणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना मी इथे बोलवू शकते.”

दारावर थाप पडली. “वजनाला इतका वेळ?”

कसली मेली व्यवस्था ही! बाईला बोलायला चार मिनिटं, आणि तीही थापा मारून मिळवायची. दार उघडून त्याच्या मुस्कटात द्यावी असं बाईंना वाटलं. पण त्याची भरपाई घरी हिलाच करावी लागली असती.

“काटा अडकलाय,” त्या आतूनच ओरडल्या.

ती खाली उतरली. चपला घालताना हळूच म्हणाली, “वजन कमी भरलंय म्हणा. दर आठवड्याला बोलवा. त्या ताईंना पण.”

बाईंनी पेन उचललं. खरं वजन दवाखान्यातच राहणाऱ्या वहीत लिहिलं. कार्डावर ते दोन किलोनं कमी टाकलं आणि कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं.