पप्पांचं नाव आणि लँकेस्टरचे दोन दिवस

"लेक डिस्ट्रिक्टला चाललीयेस का?" लँकेस्टरची तिकिटं काढली तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. बहुतेकांना हे गाव लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांकडे जाताना ट्रेनच्या खिडकीतून दिसतं तेवढंच ठाऊक. मी म्हटलं, नाही, लँकेस्टरलाच. वडिलांना घेऊन. त्यांच्या नावासाठी.

माझ्या वडिलांचं नाव दुआर्ते. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडे नाव आजोबांकडून नातवाकडे जातं, तसं ते पप्पांकडे आलं. पप्पांनी आयुष्यभर ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवलं. आई गेल्यानंतर ते एकटेच आहेत आणि मी एकुलती एक. या वर्षी मला बाळ होणार म्हणून ते इंग्लंडला, ब्रॅकनेलला आमच्याकडे आले. माझा नवरा मिलिंद नागपूरचा, घरचे सगळे बौद्ध. आमच्या लग्नाला दोन्हीकडून आधी थोडं रुसणं-फुगणं झालं होतं. पण पप्पा आणि मिलिंद यांचं आता इतकं जमतं की मीच कधीकधी बाहेरची वाटते.

मला बाळाला पप्पांचं नाव द्यायचं होतं. मुलगा की मुलगी हे आम्ही स्कॅनमध्ये विचारलं नव्हतं, पण मुलगा झाला तर दुआर्ते, हे माझं पक्कं होतं. एका रविवारी जेवताना मी ते बोलून दाखवलं. पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"नको बाय," ते म्हणाले. "दुसरं कुठलंही ठेवा. हे नको."

कारण विचारलं तर म्हणाले, "भात गार होतोय." विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. त्या आठवड्यात मी हे नाव मुळात आलं कुठून ते शोधत बसले आणि चकितच झाले. दुआर्ते म्हणजे चक्क एडवर्ड! जुन्या इंग्रजीत 'एड' म्हणजे संपत्ती, भाग्य, आणि 'वर्ड' म्हणजे राखणारा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लँकेस्टर घराण्यातली एक मुलगी लग्न होऊन पोर्तुगालची राणी झाली. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिचा आजोबा. तिनं आपल्या मुलाला पणजोबांचं नाव दिलं. पोर्तुगीज तोंडात त्याचं एदुआर्ते झालं आणि पुढं नुसतं दुआर्ते. तो मुलगा पुढं राजा झाला. घोडेस्वारीवर लिहिणारा आणि स्वतःच्या उदास मनाबद्दलही लिहिणारा राजा. त्याच नावाच्या एका पोर्तुगीज कारकुनानं सोळाव्या शतकात गुजरातपासून मलबारपर्यंतच्या आपल्या बंदरांची वर्णनं लिहून ठेवली. पोर्तुगालमध्ये हे नाव आजही बाळांना हौसेनं ठेवतात.

मी हे पप्पांना वाचून दाखवलं. शिक्षक माणूस, लगेच खुलले.

"पहिला स्वर झिजला बघ. अरण्याचं रान झालं तसं. आणि अर्थ काय म्हणालीस? संपत्ती राखणारा? म्हणजे मराठीत धनपाल." मग हसून म्हणाले, "धनपाल सर असतो तर निम्मे प्रश्न मिटले असते."

कुठले प्रश्न, ते तेव्हाही सांगितलं नाही. मिलिंद म्हणाला, "चला, लँकेस्टर बघून येऊ. बाळ आल्यावर कुठलं जाणं होतंय?"

पहिला दिवस

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. लंडनच्या यूस्टनवरून लँकेस्टर तीन तासांच्या आत येतं. आम्ही ब्रॅकनेलहून वॉटर्लू, तिथून नॉर्दर्न लाइननं थेट यूस्टन असे गेलो. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, आणि बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, वीकेंड टाळा. घरातलं कुणी साठीच्या पुढचं असेल तर त्यांचं सीनियर रेलकार्ड जरूर काढा. भारतातून पाहुणे आले असले तरी पासपोर्ट दाखवून मिळतं. गरोदर असाल तर ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, 'बेबी ऑन बोर्ड'चा बिल्ला लावा. मला प्रत्येक गाडीत जागा मिळाली आणि माझ्याकडे बघून पप्पांनाही.

प्रेस्टनच्या पुढं आकाश मोठं झालं. हिरव्या कुरणांवर मेंढ्या, त्यांच्यामागं दगडी कुंपणं. पप्पा खिडकीशी बसून होते. मिलिंदनं डबा उघडला तेव्हा डब्यातल्या पोळीभाजीच्या वासानं समोरच्या बाई आमच्याकडे बघायला लागल्या. पप्पांनी लगेच एक गुंडाळी करून त्यांना दिली. त्यांनी ती खाल्ली आणि आम्हाला बाजार कुठल्या वारी भरतो ते सांगितलं. बुधवारी आणि शनिवारी. आमचा शनिवार होता.

स्टेशनातून बाहेर पडलं की किल्ला टेकडीवर समोरच. चढ छोटा पण उभा आहे. मी दोनदा थांबले. आतल्या चौकात फिरायला तिकीट लागत नाही, गाइडबरोबर आतल्या खोल्या बघायच्या तर लागतं. ते घ्याच. इथं अगदी अलीकडेपर्यंत तुरुंग होता आणि कोर्ट अजूनही भरतं, त्यामुळं हा किल्ला कधी निवृत्तच झाला नाही असं वाटतं.

दरवाज्याच्या वर उंच कोनाड्यात त्या राणीच्या वडिलांचा, लँकेस्टरच्या ड्यूकचा, पुतळा आहे. आमची गाइड पन्नाशीतली, लाल जॅकेट घातलेली हसरी बाई होती. टूर संपल्यावर मी तिला आमच्या येण्याचं कारण सांगितलं.

"म्हणजे तुम्ही त्या राणीसाठी आलात?" ती म्हणाली आणि तिचा चेहरा जरा पडला. "खरं सांगू का? तिचा जन्म इथला नाही. ती इथं कधी राहिली असेल असंही मला छातीठोक सांगता येणार नाही. लँकेस्टर हे त्यांच्या घराण्याचं नाव. इस्टेट सगळीकडे पसरलेली होती."

मी ओशाळले. इतक्या लांब सत्तरीच्या माणसाला आणि स्वतःच्या या पोटाला घेऊन आले, आणि जिच्यासाठी आले ती इथली नाहीच! पप्पांकडे बघितलं तर ते हसत होते. अगदी मनापासून, चष्मा काढून डोळे पुसत.

"तिला विचार," ते मला मराठीत म्हणाले, "राणीच्या नावात लँकेस्टर बघून पोर्तुगालात लोक विचारत असतील का, की बाई, तुम्ही नक्की कुठल्या?"

मी भाषांतर केलं. गाइड म्हणाली, "विचारत असणारच, माय डिअर. परक्या सुनेला कोण सोडतं?"

तिनं पप्पांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितल्यावर तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं, आणि त्यांच्याशी हात मिळवला.

संध्याकाळी बाजारातून चीज आणि ताजी चेरी घेतली आणि एका जुन्या पबमध्ये मांस-बटाट्याचं सारण भरलेली गरम पाय-पेस्ट्री खाल्ली. आमचा मुक्काम एका बी अँड बीमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये होता. कालव्याच्या काठाला, स्वच्छ, साधा, आणि नाश्ता भरपूर.

दुसरा दिवस

लँकेस्टरहून मोरकंबला ट्रेननं दहा मिनिटं लागतात. समुद्रकाठचं जुनं गाव. आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. मैलोगणती ओला चिखल चकाकत होता आणि पलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे निळे डोंगर. इथं वाळूत उतरायचा मोह आवरा. भरती फार वेगात येते आणि पाट्या जागोजागी आहेत. पप्पांना पाटी वाचायची गरज नव्हती. चिखलाकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "हा फसवा आहे. वरून टणक दिसतो."

इथली खासियत म्हणजे बारीक तपकिरी करंदी, म्हणजे छोटी कोळंबी, जायपत्री घातलेल्या लोण्यात बसवलेली. गरम टोस्टवर घालून देतात. पप्पांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "आपल्याकडे लोण्याऐवजी चिंच असती," एवढंच म्हणाले आणि दुसरी प्लेट मागवली.

खाऊन झाल्यावर आम्ही तिघं बाकावर बसलो. वारा होता पण ऊन चांगलं होतं. मी पुन्हा विचारलं, "पप्पा, का नको?"

या वेळी त्यांनी सांगितलं.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मला आठवीला मराठी दिलं होतं. वेळापत्रक लागलं आणि दोन पालक हेडमास्तरांकडे आले. म्हणाले, हे पोर्तुगीज साहेब आमच्या मुलांना मराठी शिकवणार? मी बाहेर उभा होतो, ऐकू येत होतं. हेडमास्तर भले होते. त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, सर, यांना एखादी कविता म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवली. पूर्ण. उभं राहून."

त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला.

"पालक खूश झाले. हेडमास्तर खूश झाले. मी वर्गावर गेलो. पण त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक नव्या माणसापुढं मनातल्या मनात ती कविता म्हणत आलो, नीता. निरोपाच्या दिवशीसुद्धा भाषणात एक जण म्हणाले, नाव असं असूनही काय अस्खलित मराठी! टाळ्या पडल्या. मीही हसलो. तुझ्या बाळानं कुणापुढं कविता म्हणायला नको."

माझ्या आठवणीतले पप्पा म्हणजे खडूचे हात आणि खणखणीत आवाज. त्या आवाजाखाली हे होतं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

मिलिंद म्हणाला, "पप्पा, तुम्हीच शिकवता ना, पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज शब्द म्हणून? ते मराठी झाले. मग दुआर्ते का नाही?"

"शब्दाला कुणी जात-धर्म विचारत नाही, मिलिंदराव."

"खरंय." मिलिंद समुद्राकडे बघत बोलायला लागला. "माझ्या आजोबांचं नाव कचरू. गावात त्यांना कचऱ्या म्हणायचे. दीक्षा घेतल्यावर ते घरी आले आणि आजीला म्हणाले, आजपासून मी कश्यप. गावानं वर्षानुवर्षं ते नाव घेतलं नाही. आजोबा जुन्या नावाला ओ देईनात. बाजारात, चावडीवर, कुठंही. शेवटी लोक थकले. आमच्या घरात नाव ही एवढी मोठी गोष्ट आहे. म्हणून मी तुम्हाला ठेवा असं कधीच म्हणणार नाही. टाकायचं असेल तर टाका. पण ते तुम्हाला नको असेल तर टाका, त्या दोन पालकांना नको होतं म्हणून नको."

पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

"माझ्या नावात ते जन्मापासून आहे," मी म्हटलं. "नीता दुआर्ते. शाळेत, कॉलेजात, इथं ऑफिसात. इथल्या लोकांना तर ते माझं आडनावच वाटतं. मला कुणी विचारलं की मी सांगते, माझ्या वडिलांचं नाव आहे. मला ते कधी जड झालं नाही पप्पा. मला त्याचा अभिमानच वाटत आला."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटत राहिले. भरतीचं पाणी चिखलातल्या खाचांमधून सळसळत येऊ लागलं होतं. आम्ही ते पाणी किनाऱ्याच्या भिंतीला लागेपर्यंत बघत बसलो. दुपारच्या गाडीनं परतलो. परतीच्या वाटेत पप्पा गाढ झोपले.

घरी

मुलगी झाली. तिचं नाव सुजाता, हे मिलिंदनं सुचवलं आणि तिच्या नागपूरच्या आजीला फार आवडलं. मुलगी म्हटल्यावर मी दुआर्तेचा विषय काढलाच नाही.

जन्मनोंदणीला आम्ही कौन्सिलच्या ऑफिसात गेलो, पप्पाही बरोबर आले. रजिस्ट्रार बाईंनी विचारलं, "मधलं नाव काही आहे का?"

मिलिंद नाही म्हणणार, इतक्यात पप्पा इंग्रजीत म्हणाले, "येस." मग आमच्याकडे वळून मराठीत, जरा घाईनं, "तुमची दोघांची हरकत नसेल तर. मुलीला चालतं की नाही, व्याकरणानं मला माहीत नाही. पण मला हवंय."

मी पटकन पप्पांचा हात धरला. मिलिंदनं मान डोलावली. पप्पांनी स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, फळ्यावर लिहावं तसं. बाईंनी नाव गोड आहे म्हटलं आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या. कुणी काही विचारलं नाही.

लँकेस्टरला जा, असं मी सांगेन. किल्ला चांगला आहे, चढ सोसत असेल तर पलीकडच्या चर्चच्या आवारातून नदी फार सुंदर दिसते. मोरकंबला करंदी खा. पण वडीलधाऱ्यांना बरोबर न्या आणि एखादा बाक शोधून नुसते बसा. ज्या राणीला शोधत गेलो ती आम्हाला तिथं सापडली नाही. पप्पांच्या आयुष्यातला एक दिवस मात्र सापडला, आणि तो त्यांनी आमच्यापाशी ठेवला, याचं मला अजून नवल वाटतं.

नोंदणीच्या दिवशी कौन्सिलच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर पप्पांनी सुजाताला मिलिंदकडून घेतलं. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभे राहिले. घसा साफ केला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले,

"सुजाता दुआर्ते मेश्राम!"

सुजातानं जांभई दिली.

"हजर, सर," मिलिंद म्हणाला.