सावित्रम्माचं रान

सोलापुरात एक बाई दुसरीला लग्नात मिरवायला गळ्यातला हार काढून देईल, पण घागरभर पाणी देणार नाही. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि त्या दिवशी गल्लीत नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी धड बोलत नाहीत. मीही त्यातलीच. माझ्या दारातल्या पिंपाला कुणी हात लावलेला मला खपत नाही.

समोरचा मल्लिनाथ वळसंगहून आपल्या आईला, सावित्रम्माला, घेऊन आला त्याला दोन वर्षं झाली. तिचा नवरा शंकरप्पा गेला आणि पाठोपाठ रानही रस्त्यात गेलं. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आमच्याकडे सगळे रानात जेवतात. ज्याचं रान त्यानं बोलवायचं, बाकीच्यांनी जायचं. सावित्रम्मानं जन्मभर बोलावलं होतं. गेल्या येळवसेला मात्र तिला चौघांची बोलावणी आली, तरी ती दार लावून घरात बसली.

"खानाऱ्यात बसायची सवं न्हाय मला," एवढंच म्हणाली.

यंदा दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन घरापुढच्या मोकळ्या जागेत उतरली. जागा ती केवढी! दोन बाजा टाकल्या की संपली. तिथं तिनं मेथी, घेवडा आणि हरभरा टोकला.

"येळवसेच्या भज्जीत मूठभर तरी माज्या रानाचं पडलं पायजे," ती मला म्हणाली. "मग बोलवीन की मी बी समद्यास्नी."

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. पालेभाज्या, शेंगा आणि दाणे एकत्र शिजवलेली ती येळवसेची भाजी. बाहेरच्या माणसाला हे दरवर्षी सांगावं लागतं.

पेरलं खरं, पण बाई पाणी घालेना. मी विचारलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काल जन्मले.

"रब्बीला वरनं पानी घालत्यात व्हय? खालची वल आन् थंडी. ज्वारी कशावर येतीया?"

जन्म काळ्या रानात गेलेला. तिथली माती पावसाळ्याचं पाणी पोटात धरून बसते, हे खरंच आहे. पण आमच्या घरांखाली बिल्डरनं मुरूम ओतलाय. वीतभर खणलं की खुरपं खणकन वाजतं. मी तसं तोंडावर सांगितलं. तिनं माझ्याशी बोलणंच सोडलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी गच्चीवरून मी खाली बघितलं. ती मातीत फतकल मारून बसली होती. एकेक बी उकरून हातावर घ्यायची, बोटानं दाबायची. सगळी कोरडी ठाक. मी खाली गेले.

"माती न्हाय, बाई, राखच हाय ही," ती मान वर न करता म्हणाली. "ह्या सालाला बी दार लावून बसायचं."

मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. घरी जाऊन मी भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरलं आणि तिच्या वाफ्यात ओतलं. ती ताडकन उठली.

"पानी मागून रान पिकवायचं? म्या न्हाय त्यातली!"

तेवढ्यात शेजारची धनलक्ष्मी तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन कुंपणाशी आली. तिच्या घरात टॉवेलचे माग आहेत. दिवसभर त्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज मोठा झालाय.

"मागितलं कुठं तुम्ही? आम्ही फेकतोय की!" म्हणाली आणि ओतून मोकळी झाली.

सावित्रम्मानं पुन्हा पेरलं. मल्लिनाथनं वळसंगहून दोन पोती काळी माती आणली. आमच्या गल्लीत पाणी फेकायला आता एकच जागा झाली. ऐन नळाच्या दिवशीसुद्धा कुणीतरी तांब्या रिकामा करून जायचं, आणि त्यात पुष्कळदा चांगलं पाणीच असायचं. हरभरा वर आला, त्या सकाळी तिनं मला हात धरून नेलं आणि दाखवलं.

येळवसेला भज्जी झाली. बरीचशी मंडईतलीच होती, पण मेथी, हरभऱ्याचा पाला आणि ओंजळभर घेवडा तिचा. जेवणाआधी रानाच्या कडेनं ताक-ज्वारीची अंबील शिंपडायची रीत आहे. तिनं तांब्या घेतला आणि वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना शिंपडलं. मग फाटक उघडून सरळ माझ्या दारात आली आणि पिंपाशी शिंपडलं. तिथून धनलक्ष्मीच्या पिंपाशी.

"मावशी, तिथं कशाला?" मी विचारलं.

"हितपातूर हाय की माजा बांध," ती म्हणाली. "तुमच्या पान्यानं पिकलं. लई उपकार झालं, बायांनो."

मी भांडखोर बाई आहे, सहज रडत नाही. त्या दिवशी रडले. तोवर ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर नीट करून ती शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"बर्री, समदी बर्री! या, समदी या! जेवाय चला माज्या रानात!"