आतल्या आत गेलेला ब्रेक

थोरल्या भावाने नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली. "बिनघोर चालव, पोरांना शाळेत सोडायला बरी हाय," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांनी सात रस्ता चौकातल्या सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवून थांबले होते. पेडल हळूहळू खाली जात तळाला टेकलं आणि गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकू लागली. मी हँडब्रेक ओढला, तेव्हा ती थांबली. मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं होती.

भावाच्याच नेहमीच्या मेकॅनिकने गाडी तपासली. ब्रेक ऑइल भरलेलं होतं, चाकांजवळ गळती नव्हती. पण इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं, की ते खाली जायचंच.

"मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय," तो म्हणाला. "तेल बाहेर येत न्हाय, आतल्या आत मागं फिरतंय, म्हणून चाकांपर्यंत दाब पोचत न्हाय. तुमच्या भावाला मी मागंच सांगितलं हुतं की."

मी तिथूनच भावाला फोन लावला.

"अगं, दोनदा दाबला की लागतोय की ब्रेक. मी तसाच चालवत हुतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरून घेतलीच नसतीस. दारात दोन-दोन गाड्या कुठं लावणार हुतो मी?"

मी फोन ठेवला.

नवा सिलिंडर बसला, नळ्यांतली हवा काढली, पेडल घट्ट झालं. भाऊ अजून घरी येतो, मुलं मामा म्हणून त्याला बिलगतात. मी चहा ठेवते. मुलांना त्याच्या गाडीतून मात्र पाठवत नाही, आणि का ते त्याने अजून विचारलेलं नाही.